एकशे बारा मरणं आणि पाच पत्रं

जेल रोड, नाशिक रोड
५ नोव्हेंबर २०२४

झुंबर,

आशीर्वाद शेवटी लिहीन, शिल्लक राहिले तर.

फोन सोडून पत्र का लिहिते, ते आधी सांगते. फोनवर तू तो खर्जातला आवाज लावतोस, ‘आक्का’ म्हणून मध्येच थांबतोस, आणि सत्तरीला टेकलेली मी बाई तेवढ्यावर विरघळते. कागदावर तुझा आवाज येत नाही. म्हणून आपण दोघं कागदावरच बरे.

धनत्रयोदशीला सकाळी शेजारच्या लताबाई डोळ्यांना पदर लावून आल्या. त्यांच्या मोबाइलवर तुझा फोटो, फोटोला हार, खाली ‘पडद्यावरचा ढाण्या वाघ भैरव राणा यांचे निधन’. मी अंघोळीला गेले होते, त्यामुळे त्यांनी थेट मायलाच मिठी मारली. तासाभराने त्याच मोबाइलवर तू काळा चष्मा लावून आलास. मी जिवंत आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका, माझी नवी वेबसिरीज जरूर बघा. मी ते मायला दाखवलं. ती म्हणाली, “तो त मरीसनबी बोलस.” तिचं काय चुकलं? एकशे बारा सिनेमांत तू मेलास आणि दर वेळी पुढच्या सिनेमात बोलायला उभा राहिलास.

तुला आठवत नसेल म्हणून लिहिते. १९८३ साली तिने सटाण्याच्या टॉकीजमध्ये तुझा पहिला सिनेमा पाहिला. हिरोने तुला धरणावरून खाली टाकलं. माय तशीच नामपूरला परत आली, लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं आणि पोराचं खुशालीचं पत्र येईपर्यंत मीठ खाणार नाही म्हणाली. सहाव्या दिवशी पत्र आलं. भिका पोस्टमनने ओट्यावर बसून ते वाचून दाखवलं, मायने त्याला गूळ-पाणी दिलं, अक्षरांवरून स्वतःचं बोट फिरवलं, आणि मग ठेच्याशी भाकरी खाल्ली. तिथून तो नेमच झाला. तू मेलास की घरात अळणी, पत्र आलं की मीठ.

तेव्हा ती सत्तेचाळीसची होती, आता अठ्ठ्याऐंशीची आहे. आज आठवा दिवस. चिमूटभर मीठ लपवून घातलं तरी ताट सरकवते. डॉक्टर म्हणाले, या वयात रक्तातलं मीठ उतरलं की माणूस आधी बरळतं, मग झोपतं, मग उठत नाही.

तर स्वतःच्या हाताने दोन ओळी लिही. निळ्या अंतर्देशीय पत्रावर, पोस्टाने. एकशे बारा वेळा मरायला तुला वेळ मिळाला, एकदा जिवंत असल्याचं कळवायलाही मिळेल.

वत्सला


मालाड, मुंबई
११ नोव्हेंबर २०२४

ती. आक्का,

सादर प्रणाम. हे पत्र मी सांगतो आहे आणि माझा सहायक हर्षल टाइप करतो आहे. तुझं अक्षर फार बिघडलंय, आक्का. हर्षलला भिंग घेऊन वाचावं लागलं.

मायबद्दल वाचून काळजात कालवाकालव झाली. सोबत तिच्यासाठी वेगळं पत्र जोडलं आहे, माझ्या खास लेटरहेडवर. वर माझा फोटो आहे, म्हणजे तिला शंका राहणार नाही.

इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. आजची पोरं जिममध्ये दंड फुगवतात, पण त्यांना नीट पडताही येत नाही. परवा एकाला मी जिन्यावरून गडगडत यायचं शिकवलं, तर म्हणे, सर, गुडघ्याला पॅड द्या. आम्ही काचेवर पडलो, निखाऱ्यावर पडलो, धावत्या ट्रकखाली गेलो. असो.

आनंदाची बातमी. २२ डिसेंबरला नाशिकमध्ये माझा जीवनगौरव आहे. त्याच मंचावर माझं आत्मचरित्र प्रकाशित होईल. त्यातलं ‘मायला पत्र’ हे प्रकरण वाचून हर्षल रडला. एकशे बारा मरणं आणि प्रत्येक मरणानंतर मायला माझ्या हातचं एक पत्र, अशी ती हकिकत आहे. आयोजकांचा आग्रह आहे, की मायने मंचावर येऊन मला ओवाळावं. गाडी पाठवतो. तिला जरीचं लुगडं नेसव. मात्र तिच्या हातात माइक जाणार नाही एवढं बघ.

तुझा,
भैरव राणा


जेल रोड, नाशिक रोड
१६ नोव्हेंबर २०२४

झुंबर,

सख्ख्या बहिणीला पत्राखाली ‘भैरव राणा’ अशी सही करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. तुझ्या हर्षलला सांग, राखीच्या पाकिटावर मी झुंबरच लिहिते.

तुझं ‘प्रिय मातोश्री’ मायच्या हातात दिलं. तिने कागद उलटा केला, सुलटा केला, फोटोवरून बोट फिरवलं आणि विचारलं, कोणाच्या निवडणुकीचं आहे. मग पाणी प्यायच्या तांब्यावर झाकण म्हणून ठेवलं. तिथे ते अजून आहे.

माइकचं मात्र मला बरोबर कळलं. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या मालाडच्या घराच्या वास्तुशांतीला तो पत्रकार तिला म्हणाला, आजी, तुमचा मुलगा एवढा मर्द गडी, त्याच्याबद्दल काही सांगा. माय म्हणाली, “मना पोऱ्या भलता मार खास. न्हानपनपाईन सवय शे. बहिनना हातना.” सगळे हसले. त्या दिवसापासून तुला नाशिकचा रस्ता सापडत नाही. धरणावरून पडून तुला काही झालं नाही, आईच्या एका वाक्याने मोडलास.

मायच्या रक्तातलं सोडियम एकशे सव्वीस आलंय, एकशे पस्तीसच्या वर हवं. परवा तिने मला नवसाबाई म्हणून हाक मारली. नवसाबाई तिची बहीण, तिला जाऊन वीस वर्षं झाली. मला भीती वाटते, झुंबर. हे वाक्य तुझ्या हर्षलला मोठ्याने वाचू देऊ नकोस.

हाताने लिही. दोन ओळी.

वत्सला


मालाड, मुंबई
२० नोव्हेंबर २०२४

ती. आक्का,

तुझ्या पत्रातला सूर मला आवडला नाही. हर्षलसमोर मला मान खाली घालावी लागली.

मी काय कमी केलं? आयुष्यभर मायला पत्रं लिहिली. शूटिंगमधून, हॉटेलातून, एकदा तर हाताला प्लास्टर असताना. मुलाखती काढून बघ. ती पत्रं तिच्या पत्र्याच्या डब्यात असतील. उलट माझीच विनंती आहे, की त्यातली दहा-बारा चांगली बघून पाठव, पुस्तकात छायाचित्रं घालायची आहेत. एक जुनं पत्र नवं म्हणून वाचून दाखव, म्हणजे तिचाही प्रश्न मिटेल. तुम्ही लोक साध्या गोष्टीचा तमाशा करता.

आणि तिला जेवणात मीठ घालायला जमत नाही म्हणजे काय? मी असतो तर दोन मिनिटांत भरवलं असतं.

झुंबर (भैरव राणा)


जेल रोड, नाशिक रोड
२४ नोव्हेंबर २०२४

झुंबर,

कंसातल्याला आत्ता झोपू दे. मी तुझ्याशी बोलते आहे.

डबा समोर घेऊन बसले आहे. यात एकशे बारा पत्रं आहेत. तू लिहिलेली पाच. शेवटचं १९८७ सालचं. उरलेली एकशे सात मी लिहिली.

अठ्ठ्याऐंशी साली तू कुठल्या तरी सिनेमात विहिरीत मेलास आणि पत्र आलं नाही. मी रजा काढून नामपूरला गेले, तर मायचा बारावा अळणी दिवस होता आणि ती भिंतीला धरून चालत होती. तुला तार केली. उत्तर नाही. नाशिकला परत येऊन तुझी पाच पत्रं समोर ठेवली आणि बसले. तुला ठाऊक आहे, प्रेसमध्ये माझं काम काय होतं ते. छापून आलेल्या नोटा तपासायच्या, रेघ हलली, शाई फुटली की बाजूला काढायच्या. आयुष्यभर तो डोळा सरकारने वापरला, आणि घरी तोच वापरून मी तुझं अक्षर काढलं. ‘झुंबर’मधल्या ‘झ’ला तू खाली लांब शेपूट द्यायचास, डोक्यावरची रेघ शब्दापुढे अर्धं बोट जायची, आणि ‘माय’ लिहिताना पेन दाबायचास. मायला वाचता येत नाही, पण ती शेपूट आणि ती दाबलेली जागा तिचं बोट बरोबर शोधतं. तिथेच ती म्हणायची, हां, झुंबरनंच शे.

पत्रं नाशिक रोडलाच टाकायची, भिका तिकडे वाचायचा. माय माझ्याकडे राहायला आल्यावर माझ्याच पत्त्यावर टाकायला लागले आणि पोस्टमन आला की नवल करत दार उघडायला लागले. तुझ्यापेक्षा बरा अभिनय केला, आणि मला कोणी जीवनगौरव देत नाही.

मग आता का नाही लिहिलं? माझं अक्षर बिघडलं असं तू लिहिलंस ना, तेच कारण. दीड वर्ष झालं, उजवा हात कापतो. झची शेपूट काढायला गेले की गांडूळ होतं. धनत्रयोदशीपासून तेवीस अंतर्देशीय वाया घालवली. जुनं पत्र वाचून दाखवायची तुझी अक्कल मी दुसऱ्याच दिवशी चालवून पाहिली. तिला प्रत्येक घडी पाठ आहे. म्हणाली, हे गाय व्यायली तेव्हाचं.

पुस्तकातलं ते प्रकरण काढून टाक. नाही काढलंस तर मायच्या हातात नाही, माझ्या हातात माइक येईल.

पुढचं पत्र मला नको. तिला लिही.

वत्सला


मालाड
२८ नोव्हेंबर

आक्का,

स्वतः लिहितो आहे. पाचच हे मला खरंच आठवत नव्हतं. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं.

मायचं पत्र सोबत. स्पीड पोस्टने टाकतो.

झुंबर


जेल रोड, नाशिक रोड
३ डिसेंबर २०२४

झुंबर,

वाईट बातमी आहे आणि ती तुझ्यामुळेच आहे.

तुझं पत्र आलं. मी मोठ्या आशेने मायच्या मांडीवर ठेवलं. तिने बोट फिरवलं, थांबली, पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. म्हणाली, “हाई झुंबरनं अक्षर नही शे.” मी म्हटलं, त्याचंच आहे, स्वतः लिहिलंय. तेव्हा तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिला वाटलं, मी तिला फसवते आहे. एवढी वर्षं फसवलं तेव्हा तिचा विश्वास होता, आणि पहिल्यांदा खरं दिलं तर विश्वास उडाला. कोणी तरी त्याच्या नावाने खोटं लिहितंय, म्हणजे तो नक्की गेला, असं तिने ठरवून टाकलं.

तुझं पत्र मीही पाहिलं. चाहत्यांच्या वह्यांवर सह्या ठोकून ठोकून तुझं अक्षर मेलंय. झला शेपूट नाही, रेघच नाही. तू स्वतःला इतकं वापरून टाकलंस की आईला ओळखायला काही उरलं नाही. तुझं खरं अक्षर माझ्या हातात राहिलं होतं, आता तेही गेलं.

रात्री तिला दवाखान्यात नेलं. एकशे एकोणीस. सलाईनमधून मीठ चढवतायत, पण तिला सांगितलेलं नाही. सलाईनमध्ये मीठ असतं हे कळलं तर सुई उपटून टाकेल. डॉक्टर म्हणतात, घरी जाऊन पुन्हा अळणी खाल्लं तर पुढच्या वेळी त्यांच्या हातात काही नाही.

सोबत १९९६ चं एक, २००४ चं एक आणि तुझं स्वतःचं १९८५ चं एक पाठवते आहे. समोर ठेव आणि गिरव. नामपूरच्या शाळेत गुरुजी छडी घेऊन उभे राहायचे तसं समज, आणि गिरव. झची शेपूट आधी.

वत्सला


जेल रोड, नाशिक रोड
१४ डिसेंबर २०२४

झुंबर,

तू गेलास त्याला तीन दिवस झाले आणि मी रोज हे पत्र लिहायला घेते आहे.

बुधवारी दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं आणि खरं सांगते, ओळखलं नाही. टोप नाही, मिशी नाही, दाताची कवळी खिशात, अंगावर खाकी रंगाचा शर्ट. बाहेर रिक्षा उभी. पडद्यावर दार लाथेने उघडणारा माणूस पायपुसण्यावर चपला पुसत होता. हातात निळं अंतर्देशीय. म्हणालास, पोस्टाने चार दिवस लागले असते. एवढंच शहाणपणाचं वाक्य मी तुझ्या तोंडून चाळीस वर्षांत ऐकलं.

माय आदल्याच दिवशी घरी आली होती. खाटेवर बसून अळणी खिचडीकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तुला पाहून अकरा वर्षं झालेली, आणि तुझ्या हातात पत्र. तिने आधी पत्राला हात पुढे केला. बोट शेपटीवर गेलं, रेघेवर गेलं, ‘माय’वर थांबलं. मग तिचा चेहरा कसा झाला ते तूही पाहिलंस. मला म्हणाली, पोस्टमन भाऊला गूळ-पाणी दे.

मी तोंड उघडणार होते. तू डोळ्यांनी मला गप्प केलंस आणि जमिनीवर मांडी घालून बसलास. गूळ खाल्लास, पाणी प्यायलास, आणि भिका वाचायचा तसं वाचायला घेतलंस. मी खुशाल आहे. दाढ दुखत होती, लवंग ठेवली. तुझ्या गुडघ्याला एरंडेल लाव. ‘माय’ शब्दावर तुझा आवाज फुटला आणि खर्ज कुठल्या कुठे गेला. ती म्हणाली, भाऊ, तुले खोकला शे का. तू म्हणालास, हो.

मग ती तुझा हात धरून म्हणाली ते मी इथे लिहून ठेवते, कारण पुस्तकात घालायच्या लायकीचं तेवढंच आहे. “त्याले सांगजो, आते मरनं बस कर. आते मना नंबर शे.”

तू गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. तुझा रागही आला. एवढा समोर बसलास, मी झुंबर आहे हे एक वाक्य का बोलला नाहीस? हजारोंच्या गर्दीला घाबरत नाहीस, तिला घाबरलास?

वत्सला


मालाड
१९ डिसेंबर

ती. आक्का,

घाबरलोच. पण तू समजतेस त्यामुळे नाही.

तिच्या हातात पत्र होतं आणि समोर मी होतो. मी बोललो असतो तर तिने दोघांतला एक खोटा ठरवला असता. कोण ठरला असता ते मला बरोबर माहीत होतं. आणि मग पुन्हा अळणी.

मी सहा दिवस गिरवलं. पहिले दोन दिवस नुसती शेपूट. गिरवताना तुझी पत्रं वाचली. आक्का, त्यातला झुंबर कोण आहे गं? तो गाय व्यायली का विचारतो. भिकाच्या पोरीच्या लग्नाला यायला जमलं नाही म्हणून हळहळतो. मायने पाठवलेला ठेचा युनिटच्या लोकांना वाटून खाल्ला असं लिहितो. ते डबे मी उघडलेही नव्हते, वॉचमनला द्यायचो. हा माणूस मी पडद्यावरही कधी केला नाही. मला त्याची लाज वाटली, आणि थोडा मत्सरही.

प्रकरण काढलं. पुस्तक चौदा पानांनी बारीक झालं. हर्षल रुसला आहे. रविवारी जीवनगौरव घ्यायला येणार आहे, ते सोडवत नाही. माय येऊ शकत नाही म्हणून आयोजकांना कळवलं.

सोबत मायला एक अंतर्देशीय. यात कोणी मेलेलं नाही, असंच लिहिलंय. वाचायला कोणाला बसवशील?

झुंबर


जेल रोड, नाशिक रोड
२४ डिसेंबर २०२४

चि. झुंबर,

रविवारचं भाषण लताबाईंच्या मोबाइलवर पाहिलं. काचेवर पडलो, निखाऱ्यावर पडलो, सगळं झालं. पत्रांचं काही बोलला नाहीस. तेवढ्याबद्दल माझ्याकडून शाल नि नारळ.

कवळी नीट बसवून घे, बोलताना शिट्टी वाजते.

पत्र मीच वाचून दाखवलं. मायने मध्येच थांबवून विचारलं, तो खोकलेवाला पोस्टमन का नाही आला. मी म्हटलं, त्याची बदली लांब झाली आहे, पण महिन्यातून एकदा या भागात येतो. आता तुझं तू बघ. खाकी शर्ट धुऊन ठेव, मिशी लावून येऊ नकोस.

तिचं सोडियम एकशे चौतीस आलं. आज दुपारी वांग्याची भाजी ताटात वाढली, तर पहिल्याच घासाला ताट माझ्याकडे सरकवलं. मला वाटलं, पुन्हा कुठल्या तरी चॅनलवर मेलास. तर म्हणाली, “भाजीमा मीठ कमी शे. सत्तर वरीसनी व्हयनी, आजून सयपाक येत नही.”

शिल्लक राहिलेले आशीर्वाद पाठवते आहे.

तुझी
आक्का